दहिवरातले चाळीस क्रेट

डिसेंबरातल्या त्या बुधवारी धुकं इतकं दाट होतं की गोदामाच्या दारातून समोरच्या बागेतलं पहिलं झाडसुद्धा दिसत नव्हतं. नदीकडून उठलेलं धुकं आमच्या गावावर एकदा बसलं की दुपारपर्यंत उठायचं नाव घेत नाही. पानापानावरून दहिवर टपटपत होतं. आम्ही बायका साडेसातलाच पट्ट्यावर उभ्या होतो, आदल्या दिवशीचं फळ निवडत. तोडणीची टोळी बागेच्या कडेला शेकोटी करून थांबली होती. कात्र्या कमरेला, हात खिशात.

ओलं फळ तोडत नाहीत. आमच्याकडं हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरं ते आईच्या दुधाबरोबर पितात. ओल्या संत्र्याची साल फुगलेली असते. जरा दाबली की तेल फुटतं, तिथं डाग पडतो आणि त्या डागातून हिरवी बुरशी गरात शिरते. म्हणून दहिवर सुकेपर्यंत कात्री चालत नाही. त्या दिवशी ते सुकलंच नाही. अकरा वाजता टोळीनं शेकोटीवर पाणी ओतलं आणि बारची वाट धरली. लांब पावात तळलेली मिरची आणि मासा, वर जाळलेल्या रमची कॉफी, आणि मग पत्ते. त्या दिवशी आमच्या गावात एकाही झाडाला कात्री लागली नाही.

आणि तरी दुपारी दोन वाजता चाळीस क्रेट आमच्या दोन नंबरच्या पट्ट्यापाशी येऊन उभे राहिले. चिठ्ठीवर तारीख त्या दिवसाची. खाली मुकादम वोरोची सही.

मी पाहिलं. माझ्या डावीकडच्या बाईनं पाहिलं, उजवीकडच्या रेमेईनंही पाहिलं. पण बोललं कुणी नाही. चार दिवसांची सुट्टी लागत होती, प्रत्येकीचं मन घरी पोचलेलं. रेमेईनं तेवढं एक क्रेट पायानं ढकललं आणि म्हणाली, "आज कोणाच्या बागेत ऊन पडलं वं?" आम्ही हसलो. हसून घरी गेलो. तो दिवस आठवला की मला आजही माझाच राग येतो.

रेमेई गास्को. वय त्रेपन्न. एकोणतीस वर्षं एकाच पट्ट्यावर, एकाच जागेवर, फवाऱ्याच्या तोंडापाशी. सोसायटीच्या गोदामात आलेलं सगळं फळ आधी बुरशीच्या औषधानं भिजायचं, मग मेणात न्हायचं, आणि ओलं ओलं आमच्या हाताखालून जायचं. हातमोजे असतात, पण हातमोज्यातून मऊ फळ कळत नाही. म्हणून चांगली निवडणारीण उजव्या हाताचा मोजा काढून ठेवते. रेमेई सगळ्यांत चांगली निवडणारीण. त्यामुळे तिचा उजवा हात सगळ्यांत आधी गेला. बोटांच्या पेरांवर भेगा, भेगांतून रक्त, आणि मग लाली मनगटावरून कोपरापर्यंत चढली. घरी गेल्यावर टोमॅटो चिरता येईना.

डॉक्टरनं सरळ सांगितलं, औषध सोडा नाही तर पट्टा सोडा. ती ऑफिसात गेली. ऑफिसानं सांगितलं, दुसरं काम नाही. झाडू मारायला दोघी आहेत, त्या चेअरमनच्या भाच्या आहेत. म्हणजे घरी बसा. नवरा नाही, पोरगी परगावी शिकते. रेमेई घरी बसून खाणार काय? भिंती?

म्हणून नोव्हेंबरात शहरातल्या प्रयोगशाळेतून आइताना नावाची मुलगी आली, तेव्हा पट्ट्यावरच्या आम्हा सगळ्यांत एकटी रेमेईच तिच्या मागं मागं फिरत होती. आइतानाच्या हातात पांढरा डबा. दोन नंबरच्या पट्ट्यावर औषध बंद करून त्या डब्यातलं पाणी फवारायचं होतं. तीन खेपा. तिन्ही खेपांचं फळ टिकलं तर जानेवारीपासून दोन नंबरचं औषध कायमचं बंद, असं सोसायटीनं कागदावर लिहून दिलं होतं.

"काय हाय वं त्या डब्यात?" रेमेईनं विचारलं. "पाणीच दिसते."

"पाण्यात एक प्रथिन आहे, ताई. अगदी चिमुकलं. पेप्टाइड म्हणतात तसलं."

"कायच्यातून काढलं?"

"बुरशीतून. सफरचंद सडवणारी एक बुरशी असते, ती स्वतःच बनवते."

सगळा पट्टा हसला. रेमेई हसली नाही. "म्हंजे काट्यानं काटा काढता तुम्ही. बरं. मारते कसं ते सांग."

आइतानानं संत्र हातात घेतलं. तिला समजावून सांगता येतं, हे मी तिच्या बाजूनं म्हणेन. ती म्हणाली, "या प्रथिनावर एक भार असतो आणि बुरशीच्या अंगावर त्याच्या उलटा. त्यामुळे लोहचुंबकाला टाचणी चिकटावी तसं ते जाऊन चिकटतं. मग ती बुरशीच त्याला आत ओढून घेते. आत गेलं की तिचा कारभार बिघडवतं. ती आतून मरते, फुटते."

"सोताच गिळते अन् सोताच मरते?"

"हो."

"अन् संत्र्याले काही नाही होत?"

"नाही."

"अन् ह्याले?" रेमेईनं उजवा हात पुढं केला.

त्या मुलीनं तो हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "आमच्या तपासण्यांत तरी कातडीला काही झालेलं नाही. पण एक अट आहे, ताई. फळ तोडल्यापासून एका दिवसाच्या आत हे पडलं पाहिजे. बुरशीचं बी जखमेवर बसतं, तिथंच रुजतं. रुजायच्या आत गाठलं तर ठीक. एकदा तिचे धागे सालीखाली, गरात उतरले, की वरून कितीही फवारा, ते तिथवर पोचत नाही."

"समजलं," रेमेई म्हणाली. "पोरीच्या मांगं लागलेल्या पोट्ट्यावानी हाय. उंबऱ्यावर अडवला त अडवला. एकदा आत येऊन जेवाले बसला, का मंग कोणाच्या बापाले निघत नाही."

आइताना इतकी हसली की डबा खाली ठेवावा लागला.

पहिली खेप टिकली. दुसरीही टिकली. पाच आठवडे दोन नंबरच्या पट्ट्यावर औषधाचा तो घसा ओरबाडणारा वास नव्हता. आणि रेमेईच्या भेगा मिटल्या. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं आमच्यासमोर सुरीनं टोमॅटो चिरला, पावावर चोळला, वरून तेल ओतलं आणि खाल्ला.

तिसरी खेप म्हणजे ते चाळीस क्रेट.

सोमवारी सुट्टी संपवून आलो. कोठी उघडली आणि वास आला. हिरव्या बुरशीचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, ज्याला माहीत नाही तो सुखी आहे. चाळीस क्रेटमध्ये तिसरा हिस्सा फळ गेलेलं. मध्ये शेवाळी हिरवं, भोवती पांढरी कड, त्याच्या बाहेर पाणी सुटलेली मऊ साल, बोट लावलं की आत जाणारी. आइताना सकाळच्या बसनं आली होती. ती एकेक क्रेट मोजत होती, वहीत लिहीत होती, आणि तिचा चेहरा चुन्यासारखा होत चालला होता.

वोरो दारात उभा. खिशात हात, तोंडात काडी. "मी म्हनलंच होतं, पाण्यानं का कुठी बुरशी मरते? आता औषध सुरू करा अन् कामाले लागा."

रेमेईनं एक फळ उचललं. सडलेलं नाही, चांगलं. त्याच्या देठाच्या सुकत आलेल्या चांदणीवर अंगठा फिरवला. मग दुसरं. मग तिसरं.

"काय गा वोरो, हे कवा तोडलं?"

"चिठ्ठी वाच ना. आंधळी झाली का?"

"चिठ्ठी वाचता येते मले. देठ बी वाचता येते. हा देठ बुधवारच्या दोन दिवस आंधीचा हाय. हे मागच्या सोमवारचं फळ हाय, ज्याले न्यायची गाडी आली नव्हती, जे तू ताडपत्रीखाली लपवून ठेवलं होतं."

"सिद्ध कर," वोरो म्हणाला आणि काडी दुसऱ्या गालात सरकवली.

आइताना खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, जाऊ दे. कदाचित आमचंच प्रमाण चुकलं असेल."

तेव्हा रेमेई जी भडकली ती त्या पोरीवर. "तुमचं? तुमचं कायचं चुकलं? दोन दिवस ते फळ उघडं पडलं होतं, बुरशी आत जाऊन पंगतीले बसली, अन् तू वरून दारावर पाणी मारलं. तूच सांगतलं ना मले, एका दिवसाच्या आत म्हणून? मंग फवाराच्या आंधी देठ काहून नाही पाह्यला? एवढी शिकली अन् चिठ्ठीवर इश्वास ठेवते?"

आइतानाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या वेळी वाटलं, रेमेईनं बिचारीला उगाच झोडलं. आता वाटत नाही. त्या पोरीला कुणीतरी सांगायलाच हवं होतं की गोदामात शाईपेक्षा देठ खरा असतो.

दुपारी मंगळवारच्या सभेचा निरोप आला, तशी रेमेई मला घेऊन तिच्या भावाकडं गेली. सेंतो, तिच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा, वोरोच्या टोळीत फळ तोडणारा. अंगणात बसून तो कात्रीला धार लावत होता.

"बुधवारी तुम्ही एक तरी फळ तोडलं का, सेंतो?"

"दहिवरात कोण तोडते?"

"मंग उद्या सकाळी सभेत हेच बोल. एवढंच. दहिवरात कोण तोडते."

सेंतोची कात्री थांबली. "रेमे, मले रोज रातच्याले वोरोचा फोन येते, उद्या ये म्हणून. ज्या दिवशी फोन नाही आला, त्या दिवशी मी घरी. तुले माहीत हाय."

"हाय. अन् मी कुठी? मी घरी नाही का मंग?"

"तुया हाताचं वायलं हाय."

"हाताचं वायलं!" ती ओरडली. शेजारच्या अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. "लहानपणी या हातानं तुले भरवलं रे, माकडा. त्या वक्ती वायला नव्हता हा हात?"

तो खाली मान घालून धार लावत राहिला. आम्ही निघालो. रस्ताभर ती शिव्या देत होती. भावाला, वोरोला, चेअरमनला, धुक्याला, आणि मधूनच मला. "तू बी पाह्यलं होतं ना ती चिठ्ठी? तू बी हासली ना?" हसले होते.

मंगळवारी आठ वाजता गोदामातच सभा झाली. सोसायटीच्या सभा अशाच होतात, क्रेट उलटे करून बसायचं. पट्ट्यावरच्या आम्ही बावीस बायका, तोडणीची टोळी, चार बागाईतदार, आणि मध्ये चेअरमन बातिस्त. बातिस्त वाईट माणूस नाही. तो फक्त असा माणूस आहे की कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर तोच माफी मागेल, आणि नंतर दिवसभर दुसऱ्या कुणाच्या तरी पायावर उभा राहील.

त्यानं घसा साफ केला. "मंडळी, तिसरी खेप सडली. कागदावर तीन खेपांचं ठरलं होतं. आपण करून पाहिलं, जमलं नाही. उद्यापासून दोन नंबरवर पुन्हा औषध सुरू. शहरातल्या ताईंचे आभार."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. वोरोनं जोरात वाजवल्या.

रेमेई उठली. "एक विचारू का, चेअरमन साहेब?"

"विचार, पण थोडक्यात. गाडी यायची आहे."

"त्या चिठ्ठीवर बुधवारची तारीख हाय. बुधवारी कोणी कोणाच्या बागेत फळ तोडलं ते उभं राहून सांगा. मी त्याच्या हातचं औषध पिऊन दाखोते."

कुणी उठलं नाही. अकरा तोडणारे, अकरा जोडी बूट, सगळे आपापल्या बुटांकडं बघत.

"काय गा, बोलत काहून नाही? अकरा गडी अन् एकाले बी तोंड नाही? का तुमच्या तोंडाले बी वोरोचा फोन येते?"

बायकांत खसखस पिकली. वोरो उठला. "ही बाई टोळीची बदनामी करून राह्यली. बुधवारी दुपारी जरा ऊन पडलं होतं, माह्या पोरांनी पटकन चाळीस क्रेट तोडले. झालं."

"तुया पोरांनी? कोणत्या पोरांनी? नाव सांग."

"सगळ्यांनी."

"सेंतो," रेमेई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. ती ओरडली असती तर तो बोलला नसता, असं मला वाटतं. "बुधवारी दुपारी तू कुठी होता रे?"

सेंतोनं टोपी काढली, पुन्हा घातली. मग तो बहिणीकडं न बघता सरळ चेअरमनकडं बघत म्हणाला, "बारमध्ये. पत्ते खेळत होतो, अकरापासून चारपर्यंत. सहा डाव हरलो." मग टोपी मागं सरकवली. "तुमाले माहीत हाय, साहेब. तुम्हीच माहे भिडू होते. शेवटच्या डावाले तुम्ही राजा टाकला नसता, त हरलोच नसतो."

गोदामात जे हसू फुटलं! बागाईतदार हसले, टोळी हसली, बायका तर एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. बातिस्तचा चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा झाला.

रेमेई तेवढी हसली नाही. तिनं हसू मोडेपर्यंत वाट पाहिली आणि मग सुरू झाली. "म्हंजे तुमाले माहीत होतं. तुमच्या सोताच्या बागेत बी दहिवर होतं, तुम्ही बी कात्री टांगून पत्ते खेळत होते, आणि ही चिठ्ठी समोर आली तवा तुम्ही टाळ्या वाजवाले सांगता? एका फोनासाठी अकरा माणसं गप्प. एका गाडीसाठी तुम्ही गप्प. अन् औषध मात्र माह्या हातावर! लाज हाय का लाज?"

"रेमेई, बस ना जरा," बातिस्त म्हणाला.

"एकोणतीस वर्षं उभी हाय मी. आता बसाले सांगता?"

कुणाचंच हसू उरलं नव्हतं. आइताना भिंतीपाशी उभी होती, वही छातीशी धरून. ती पुढं आली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "तिसरी खेप पुन्हा व्हायला हवी. एका दिवसापेक्षा जुनं फळ आमच्या करारात बसत नाही. हे मी लिहून देते. आणि या वेळी देठ मी स्वतः बघून घेईन." शेवटचं वाक्य तिनं रेमेईकडं बघून म्हटलं.

बातिस्तला वाट हवीच होती. त्यानं ती घाईघाईनं पकडली. तिसरी खेप पुन्हा होईल, पुढच्या आठवड्यात. तोवर दोन नंबरवर औषध नाही. फळ तोडताना रेमेई बागेत हजर राहील, क्रेटवर ती सही करेल. लिहून घ्या. सभा संपली.

संपली म्हणजे लोकांनी क्रेट सरळ केले. वोरोला कुणी काही विचारलं नाही. खोट्या चिठ्ठीबद्दल एक शब्द नाही, दंड नाही, चौकशी नाही. आठ वाजता तो मुकादम होता, नऊ वाजताही मुकादमच होता. सेंतोच्या बाजूनं जाताना तो तोंडातली काडी थुंकून म्हणाला, "उद्या येऊ नको." एवढंच. सगळ्यांनी ऐकलं, बातिस्तनंही. त्यानं घड्याळ पाहिलं.

रेमेई वोरोच्या मागं धावणार होती. मी तिचा दंड धरला. मला सांगायचंय ते हे, की ती जिंकली असं गावात लोक म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येतो. जे कागदावर आधीच तिचं होतं, ते मागायला तिला भावाची रोजी खर्चावी लागली. याला जिंकणं म्हणत असतील तर म्हणोत.

सेंतो जवळ आला. "राजा टाकला नसता त खरंच जिंकलो असतो," तो म्हणाला.

"तू लहानपणापासूनच पत्त्यात गाढव हायस," रेमेई म्हणाली. "दुपारी घरी ये. भात टाकते."

"कशासंगं?"

"जे असन त्यासंगं! आता त्याची बी पंचाईत हाय का तुले?"

बाहेर गाडीनं हॉर्न वाजवला. पट्टा सुरू झाला. रेमेईनं डाव्या हाताचा मोजा चढवला, उजव्याचा खिशात कोंबला आणि आपल्या जागेवर येऊन उभी राहिली. पहिलं फळ आलं, दुसरं आलं. तिसऱ्याला तिचं बोट लागलं आणि ते तिनं न बघताच मागच्या डब्यात भिरकावलं.

"मऊ," ती म्हणाली. "नीट पाहा वं पोरीहो. झोपल्या का?"